टॉवर बंद पडला की जायचं कुठं, हे शिकवणारे वर्ग मराठीत सुरू करा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरच्या जिल्हा पानावर चार ओळींची बातमी होती, टॉवर आठ दिवस बंद, ग्रामस्थांचं तहसीलदारांना निवेदन. ते गाव आमच्या शेजारचं, आणि ते निवेदन लिहिलं जात होतं तेव्हा मी तिथं बसलेलो होतो म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर दोन दिवसात छापा पण मधला भाग कापू नका ही विनंती.

शाळेच्या वर्गात वीस-पंचवीस माणसं जमली होती, सरपंचबाई, पोलीस पाटील, दूध डेअरीचा सेक्रेटरी, मुंबईहून आलेले दोघे-तिघे चाकरमानी, आणि सगळे तावातावाने बोलत होते. आठ दिवस फोन नाही म्हणजे काय होतं हे ज्याच्या घरात चारही कोपऱ्यांत रेंज असते त्याला सांगून कळणार नाही. डेअरीचे पैसे खात्यात आले की नाही समजत नाही, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, आणि रात्री कुणा म्हाताऱ्या माणसाला दम लागला तर 108 ला फोन लावण्यासाठी आधी कुणीतरी बाइक काढून घाटावर जायचं. तहसीलदारसाहेब भला माणूस आहे, ते निवेदन घेतात, शिक्का मारून पोच देतात, पुढे पाठवतो म्हणतात, पण टॉवरच्या बाबतीत त्यांच्या हातात जवळजवळ काहीच नाही हे त्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

मी विचारलं, 198 वर, म्हणजे मोबाइल कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर, तक्रार कुणी केली? सात-आठ हात वर झाले. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, कुणाकडे आहे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी मेसेज डिलीट केला होता, कुणाला तो नंबर जपून ठेवायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. शेवटी मागच्या बाकावरून बारावीतली एक मुलगी उठली. तिनं फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर सगळं लिहून ठेवलं होतं, डॉकेट नंबर, तारीख, वेळ, पलीकडचा माणूस काय म्हणाला ते, आणि खाली वेगळ्या पेनानं अजून एक ओळ, की तिसऱ्या दिवशी घाटावर गेल्यावर मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. टॉवर तेव्हाही बंदच होता.

त्या एका पानावर अख्खं प्रकरण उभं राहतं. 2012 पासून ट्रायचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या नियामक संस्थेचा, नियम आहे की कंपनीकडे तक्रार केली की डॉकेट नंबर मिळालाच पाहिजे, निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं, त्यासाठी 30 दिवसांची मुदत असते, एक पैसा फी लागत नाही आणि 39 दिवसांत अपिलाचा निकाल लागला पाहिजे. आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे की त्या अपिलांवर सल्ला देणारी दोन जणांची समिती असते, त्यातला एक माणूस ट्रायकडे नोंदणी झालेल्या ग्राहक संस्थेचा असावा लागतो. म्हणजे आपला माणूस बसायची खुर्ची तिथं कायद्यानंच ठेवलेली आहे. पण त्या खुर्चीवर बसून कॉल डेटा, नेटवर्क रिपोर्ट, बिघाडाचं लॉग वाचू शकेल असा माणूस आपण तयार करतोय का, हा माझा सगळा प्रश्न आहे.

मी स्वतः टेलिफोन खात्यात 1986 ला लागलो आणि 31 जानेवारी 2020 ला व्हीआरएस घेऊन बाहेर पडलो. त्या योजनेत देशभरात बीएसएनएलचे 78,569 लोक बाहेर पडले, सगळे पन्नाशीचे किंवा त्यापुढचे. मला ट्रेनिंगला जबलपूरला पाठवलं होतं आणि ते ट्रेनिंग इतकं पक्कं होतं की आज इतक्या वर्षांनी रात्री दोनला उठवून विचारलं तरी केबलच्या रंगांचा क्रम सांगेन, निळा केशरी हिरवा तपकिरी राखाडी, आणि त्यांच्याबरोबर पांढरा लाल काळा पिवळा. केबलचा जॉइंट मारताना आमचे इन्स्ट्रक्टर मागे उभे असायचे, तारांची एक जोडी चुकली तर अख्खा जॉइंट सोडून पहिल्यापासून करायला लावायचे, ओरडायचे नाहीत, फक्त म्हणायचे की तुझ्या या एका जोडीमुळे तिकडं कुणाचा तरी फोन भलत्याच घरी वाजेल. ट्रेनिंग म्हणजे काय ते मी तिथं शिकलो. हाताला सवय लागेपर्यंत करून घेणं म्हणजे ट्रेनिंग, नुसतं पीपीटी दाखवून चहा-बिस्किटं देऊन सोडणं नव्हे.

पण नियमांची बाजू मला कधी समजून घ्यावीशीच वाटली नाही. 20 फेब्रुवारी 1997 ला ट्राय आलं तेव्हा मी केबलच्या खड्ड्यात उभा होतो, त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं डोक्यातच आलं नाही, लाइन चालू ठेवायची एवढंच आपलं काम असं वाटायचं. व्हीआरएसनंतर लगेच लॉकडाऊन लागला, पोरांच्या शाळा मोबाइलवर आल्या, आणि आमच्याकडची पोरं पावसात छत्री धरून टेकडीवर बसून तास करायला लागली. तेव्हा पहिल्यांदा मी विचार केला की मला टॉवर कसा चालतो ते सगळं माहीत आहे, मग तो इथं का नाही, तो असावा असं ठरवतं कोण, आणि बंद पडला तर जाब कुणाला विचारायचा, हे मला का सांगता येत नाही? मग वाचायला बसलो, कायदा, नियम, कोर्टाचे निकाल, सगळं इंग्रजीत, डिक्शनरी बाजूला ठेवून. दोन वर्षं गेली त्यात. एवढ्यासाठी दोन वर्षं जायला नको होती, नीट शिकवणारं कुणी असतं तर दोन महिन्यात झालं असतं.

आता त्यातलं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. कॉल मध्येच कटतो त्याला कॉल ड्रॉप म्हणतात, तो 2 टक्क्यांच्या आत असावा असा ट्रायचा दंडक. ऐकायला छान वाटतं. पण 2 टक्के कशाचे? 2017 मध्ये नियम बदलेपर्यंत मुख्य आकडा अख्ख्या सर्कलच्या सरासरीचा असायचा. आमचं सर्कल म्हणजे मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र अधिक गोवा. म्हणजे पुण्यातले, पणजीतले, नाशिकमधले चांगले चालणारे हजारो टॉवर आणि आमच्या घाटाखालचा एक रडतखडत चालणारा टॉवर, सगळ्यांची मिळून एक सरासरी. त्यात आमचा टॉवर दिसणार कुठं? कंपनी कागदावर पास आणि माणूस खिडकीबाहेर हात काढून हॅलो हॅलो करतोय. 2017 ला ट्रायनं मोजणीची पद्धत बदलली, किती टक्के टॉवरनी किती टक्के दिवस दंडक पाळला असं बघायला सुरुवात केली, म्हणजे वाईट टॉवर चांगल्याच्या मागे लपू नये. आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून जे नवे सेवा गुणवत्तेचे नियम लागू झाले त्यात मोजणी अजून खाली आणली, कुठं कुठल्या तंत्राची रेंज आहे त्याचे नकाशे कंपन्यांनी वेबसाइटवर टाकायचे असंही आलं, आणि जिल्हा पातळीवर मोठा बिघाड होऊन सेवा 24 तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला व्हॅलिडिटी वाढवून द्यायची अशी तरतूदही आली.

चांगलंच आहे, मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण त्या वर्गात जेव्हा मी हे सांगितलं तेव्हा त्याच बारावीच्या मुलीनं विचारलं, काका आमच्या तीन वाड्यांचा टॉवर आठ दिवस बंद होता, हा जिल्ह्याचा बिघाड धरतात का? आणि खरा प्रश्न हाच आहे, वकिलांनी आणि इंजिनिअरांनी विचारायला हवा तो प्रश्न तिनं विचारला. हे नियम होण्याआधी ट्रायनं त्याचा कन्सल्टेशन पेपर काढला होता, लोकांकडून लेखी मतं मागवली होती, साधारण अशा पेपरला काही आठवडे मुदत असते, मग इतरांच्या मतांवर उलट मतं द्यायला अजून थोडी मुदत, मग ओपन हाऊस डिस्कशन म्हणजे सगळ्यांसमोर खुली चर्चा, आणि मग नियम. त्या टेबलावर कंपन्यांकडून रेग्युलेटरी विभागाची माणसं येतात, त्यांचं पोट त्यावर असतं, ती तयारीनं येतात, त्यात वाईट काही नाही. पण बिघाडाचं माप जिल्हा नको, टॉवर किंवा गाव धरा, हे आकड्यासकट सांगायला कोकणातून, मेळघाटातून, गडचिरोलीतून कोण गेलं? भरपाई मिळावी यासाठी रस्ता रोको करणारी माणसं आपल्याकडं भरपूर आहेत, पण नियमातली व्याख्या बदलून घेणारं माणूस एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंही नाही, आणि व्याख्या बदलली की रस्ता रोकोची वेळच येत नाही.

आणि कुणाला वाटेल की चांगला हेतू पुरे आहे, तर त्यांनी 2016 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघावा. ट्रायनं आधीच्या वर्षी नियम केला होता की कॉल ड्रॉप झाला तर ग्राहकाला एक रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. आपल्यासारख्यांना वाटलं बरं झालं. कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली हायकोर्टात हरल्या, पण 11 मे 2016 ला सुप्रीम कोर्टानं तो नियमच रद्द केला. का, तर कॉल कटायला प्रत्येक वेळी कंपनीच जबाबदार असते असं नाही, कधी हँडसेट, कधी ग्राहक उभा असलेली जागा, हे ट्रायच्याच कागदात असताना सगळा भुर्दंड कंपनीवर टाकला, त्यात 2 टक्क्यांची सूट आधीच्या नियमात दिलेली असताना पहिल्या कॉलपासून पैसे मागितले, आणि लोकांच्या, कंपन्यांच्या म्हणण्याला नीट कारणं देऊन उत्तर दिलं नाही. कोर्टानं तर असंही सुचवलं की नियम करण्याआधी सगळ्यांचं ऐकून कारणं देण्याची पद्धत संसदेनं कायद्यानंच घालून द्यावी. म्हणजे हेतू ग्राहकाच्या भल्याचा होता, पण नियमाचा जॉइंटच चुकला. आमच्या इन्स्ट्रक्टरनी अख्खा सोडायला लावला असता तसाच कोर्टानं सोडायला लावला. म्हणून मी म्हणतो की नियम लिहिणाऱ्यांनाही ट्रेनिंग लागतं, त्यावर मत देणाऱ्यांनाही लागतं आणि तो वापरणाऱ्यांनाही.

लिहिणाऱ्यांसाठी सोय आहे, नाही असं नाही. गाझियाबादला दूरसंचार विभागाची धोरण आणि ट्रेनिंगची संस्था 2010 पासून आहे, इंडियन टेलिकॉम सर्व्हिसचे अधिकारी तिथं तयार होतात. जिनिव्हाच्या आयटीयूची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेची, अकादमी आहे, तिचे बरेच कोर्स ऑनलाइन होतात. अमेरिकेत फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत वर्ल्ड बँकेबरोबर 1997 पासून दोन आठवड्यांचा कोर्स चालतो, वीज पाणी टेलिफोन अशा सगळ्या सेवांच्या नियामकांसाठी, जगभरचे अधिकारी तिथं जातात. पुण्यात सिंबायोसिसनं 1996 मध्येच टेलिकॉम मॅनेजमेंटची संस्था काढली, तेव्हा देशात मोबाइल नुकताच आला होता. हे सगळं चांगलं आहे, पण ते अधिकाऱ्यांसाठी आणि कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांसाठी. ग्राहकाच्या बाजूनं बोलणाऱ्यासाठी फार थोडं आहे. कोलंबोच्या लर्नएशिया या संस्थेनं आपल्या भागातल्या सामाजिक संस्था आणि पत्रकारांना असे प्रश्न कसे मांडायचे ते शिकवणारे कोर्स घेतलेत, ट्राय स्वतः नोंदणी झालेल्या ग्राहक संस्थांसाठी कार्यशाळा घेतं, पण एका दिवसाच्या कार्यशाळेत माणूस ऐकून येतो, शिकून येत नाही. आणि संगमेश्वर तालुक्यातल्या माणसाला मराठीत शिकायचं असेल तर त्यानं कुठं जायचं?

कुणी म्हणेल हे सगळं फार टेक्निकल आहे, साध्या माणसाला झेपणार नाही. हे मला अजिबात मान्य नाही आणि त्याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे, विजेचा. 1999 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला, तेव्हापासून दरवाढीचा प्रस्ताव आला की मराठी पेपरात जाहीर नोटीस येते, प्रस्तावाचा गोषवारा मराठीत मिळतो, वेगवेगळ्या शहरांत सुनावण्या होतात आणि शेतकरी, यंत्रमागवाला, पेन्शनर उभा राहून मराठीत बोलतो आणि त्याचं म्हणणं आदेशात नोंदवलं जातं. पुण्याच्या प्रयास संस्थेसारख्या लोकांनी वर्षानुवर्षं बसून विजेचा हिशेब समजून घेतला, दुसऱ्यांना शिकवला, आणि सुरुवातीच्याच सुनावण्यांमधून हे बाहेर आलं की शेतीपंपांच्या नावावर दाखवलेली बरीचशी वीज खरं तर गळती आणि चोरी होती. आज कुठल्याही जिल्ह्यात जा, वीज बिलातला इंधन समायोजन आकार म्हणजे काय हे सांगणारे चार-दोन कार्यकर्ते भेटतात. ते काही आयआयटीत शिकलेले नाहीत. त्यांना कुणीतरी त्यांच्या भाषेत, त्यांचंच बिल समोर ठेवून शिकवलं. मग मोबाइलच्या बाबतीत हे का होत नाही, मोबाइल तर विजेइतकाच लागतो आता.

एक फरक आहे ते कबूल करतो. विजेचा आयोग राज्यात आहे, दूरसंचार केंद्राचा विषय, सगळं दिल्लीत. पण म्हणूनच तर जास्त तयारी लागते, कारण दिल्लीला आपण रोज जाऊ शकत नाही, आपला कागद जातो, आणि तो कागद असा पाहिजे की तो बाजूला सारता येऊ नये. 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या वेबसाइटना सारखं वागवण्याचा, 118 पानांचा, 20 प्रश्नांचा पेपर आला होता. कुणी वाचला असता का? पण काही तरुण मुलामुलींनी तो सोपा करून सांगितला, प्रश्नांची उत्तरं कशी द्यायची ते दाखवलं, आणि दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले. फेब्रुवारी 2016 मध्ये नियम आला की ठरावीक वेबसाइटसाठी वेगळा दर लावता येणार नाही. आणि अगदी परवाची गोष्ट, जुलै 2024 मध्ये रिचार्जचे दर वाढले, आमच्या आईसारखी माणसं जी साधा बटणांचा फोन वापरतात त्यांना इंटरनेटचे पैसे उगाच भरावे लागत होते, त्यावर ट्रायनं त्याच महिन्यात पेपर काढला आणि डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवणं बंधनकारक केलं. हे किती जणांना माहीत आहे? आमच्या आईला मी सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, मग दुकानदार का नाही सांगत.

आता शिकवायचं काय, ते मला जसं सुचतं तसं सांगतो. पहिलं म्हणजे कुणाच्या हातात काय आहे. रिचार्जचा दर कंपनी ठरवते, ट्राय बहुतेक मोबाइल दरांत हात घालत नाही, त्याला ते फोरबेअरन्स म्हणतात, पण हवं तेव्हा घालू शकतं. सेवेचा दर्जा आणि कंपन्यांमधलं इंटरकनेक्शन, म्हणजे एका कंपनीचा फोन दुसरीला जोडणं, यावर ट्रायचा नियम बंधनकारक, स्पेक्ट्रम म्हणजे मोबाइलच्या लहरी आणि परवाना यांवर मात्र ट्राय फक्त शिफारस करतं, निर्णय सरकारचा. एकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही, कंपनीकडे पाठवतं, म्हणून लोक म्हणतात ट्रायला पत्र टाकलं काही झालं नाही. 2000 साली टीडीसॅट हे दूरसंचारातल्या वादांचं न्यायाधिकरण आलं, तिथं ग्राहकांचा गट जाऊ शकतो, एकटा नाही. एकट्यानं ग्राहक आयोगात जायचं, आणि तो रस्ता मध्ये काही वर्षं बंद झाल्यासारखा होता, टेलिग्राफ कायद्यातल्या लवादाकडे बोट दाखवून तक्रारी परत पाठवल्या जायच्या, पण फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. ही एवढी एक गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यातल्या वकिलांना नीट शिकवली तरी किती फरक पडेल. आपल्याकडं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, तिथल्या मुलांना एका सेमिस्टरला प्रत्यक्ष गावात पाठवून अशी अपिलं लिहायला लावायला काय हरकत आहे?

दुसरं, ग्रामपंचायतीसाठी. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी 2023 चा नवा दूरसंचार कायदा आला, आणि त्यातलं राइट ऑफ वेचं, म्हणजे केबल आणि टॉवरसाठी जागा वापरायच्या परवानगीचं, प्रकरण सरळ ग्रामपंचायतीच्या कपाटाशी जोडलेलं आहे. केबल टाकायला, टॉवर उभारायला अर्ज आला आणि ठरलेल्या मुदतीत ग्रामपंचायतीनं उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत. मी आमच्या भागातल्या ज्या ग्रामसेवकांशी बोललो त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं, आणि त्यांना दोष देत नाही, त्यांच्या डोक्यावर पन्नास योजना आहेत. शिवाय नव्या कायद्यात टॉवर ज्या जागेवर उभा आहे त्या मालमत्तेपासून तो वेगळा समजायचा, त्या जागेच्या मालमत्ता कराच्या हिशेबातही, असं कलम आहे, ज्याचा ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाशी संबंध येऊ शकतो. यावर गावाची बाजू आधी मांडायला हवी होती की नाही? आणि उलट बाजूनं, रेडिएशनच्या भीतीनं शाळेजवळचा टॉवर हलवा म्हणून उपोषणं होतात, तर आपल्या देशात 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढीच मर्यादा आहे, आणि कुठल्या टॉवरचं काय ते तरंग संचार नावाच्या सरकारी पोर्टलवर बघता येतं, हेही सरपंचाला माहीत पाहिजे, म्हणजे भीती घालणाऱ्याला आणि थाप मारणाऱ्याला, दोघांनाही उत्तर देता येईल.

तिसरं म्हणजे लिहायला शिकवायचं. आम्ही गेल्या पावसाळ्यात सहा जण वाचनालयात बसून एक कन्सल्टेशन पेपर वाचायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी अडीच पानं झाली. शब्द अडतो, मग अर्थ अडतो, मग हा प्रश्न आपल्याला विचारलाय की कंपनीला हेच कळत नाही. चौथ्या बैठकीला मात्र डेअरीचा सेक्रेटरी म्हणाला, अहो हे तर आमच्या दुधाच्या फॅटसारखं आहे, सरासरी फॅट काढली की पाणी घालणारा सुटतो, म्हणून प्रत्येकाच्या कॅनचा वेगळा नमुना घ्यायचा. सर्कलच्या सरासरीचा मुद्दा मी दोन आठवडे समजावत होतो तो त्यानं एका वाक्यात सांगितला. आमच्या मतात आम्ही तोच दाखला घातला, इंग्रजी एका माध्यमिकच्या बाईंनी करून दिलं, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवलं. त्याचं पुढं काय झालं ते होवो, पण त्या सहा जणांना आता पेपर वाचता येतो.

आणि शिकवणार कोण, तर आमच्यासारखे आहेत ना. जे हजारो लोक 2020 ला घरी बसले त्यातले आपल्या राज्यातले कितीतरी जण प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना एक्सचेंज, बीटीएस म्हणजे टॉवरची रेडिओ यंत्रणा, फायबर, पॉवर प्लांट सगळं माहीत आहे, टॉवर बंद आहे तो वीज गेल्यामुळे, बॅटरी मेल्यामुळे की फायबर तुटल्यामुळे हे ते कुंपणाबाहेर उभं राहून जनरेटरचा आवाज ऐकून सांगतील. त्यांना नियमांचं तीन-चार महिन्यांचं नीट ट्रेनिंग द्या, आठवड्यातून दोन दिवस, शेवटी खरी सुनावणी असते तशी करून घ्या, एकजण कंपनी होईल, एकजण ट्राय, एकजण गाव. ट्रायनं आणि दूरसंचार विभागानं खर्च उचलावा, किंवा राज्याच्या यशदासारख्या संस्थेत ग्रामसेवकांच्या वर्गाला हा एक विषय जोडावा. कुठूनही सुरुवात झाली तरी चालेल, पण मराठीत व्हावी आणि परीक्षा घेऊन व्हावी.

संपादकसाहेब, तुमच्याकडं एकच मागणं आहे. वीज दरवाढीच्या सुनावणीची तारीख तुम्ही छापता तशी ट्रायच्या कन्सल्टेशन पेपरची चौकट छापा, विषय काय, दोन ओळीत प्रश्न काय, मत द्यायची शेवटची तारीख काय. आठवड्याला बोटभर जागा लागेल. मजकूर मराठीत करून वेळेत पाठवायचं काम मी आणि आमचे पाच जण करायला तयार आहोत, फुकट.

त्या गावाचं अपील आम्ही मुलीच्या वहीतल्या पानाचा फोटो जोडून पाठवलंय. आणि येत्या रविवारपासून सकाळी दहाला त्याच शाळेच्या वर्गात बसणार आहोत, पहिले चार रविवार तक्रार आणि अपील एवढंच घेणार. आसपासच्या गावातून कुणाला यायचं असेल तर या, वही-पेन आणा, आणि जुने मेसेज डिलीट न करता फोन तसाच घेऊन या.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी